मुळशी परिसरातील काष्ठवासी कवके : शोध व वर्गीकरण
लाकडावर किंवा लाकडाच्या आत राहून त्यावरच पोसल्या जाणाऱ्या कवकांना काष्ठवासी कवके म्हणतात. जिवंत झाडाचे खोड, झाडावरच वाळलेली फांदी, जमिनीवर पडलेला ओंडका, तोडलेल्या झाडाचा बुंधा व घरातील इमारती लाकूड या सर्वांवर ती आढळतात. पावसाळ्यात उगवणारी अळंबी आणि खोडाला फळीसारखी चिकटून राहणारी कठीण, अर्धवर्तुळाकार कवके ही त्यांची सर्वपरिचित रूपे होत. तथापि बहुसंख्य जाती इतक्या लहान असतात की, सालीवरील काळ्या ठिपक्यांपलीकडे नुसत्या डोळ्यांना त्यांचे काहीच दिसत नाही [⟶ कवक]. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, विशेषतः ताम्हिणी घाटाच्या परिसरात, या कवकांना पोषक अशी परिस्थिती आहे. पुण्यातील संशोधन संस्था जवळ असल्याने सह्याद्रीच्या ज्या भागांत ती कवके गोळा केली गेली त्यांत हा एक महत्त्वाचा भाग होय.

लाकूड मुख्यतः तूलीर (सेल्युलोज), अर्धतूलीर व लिग्निन या पदार्थांचे बनलेले असते. त्यांपैकी लिग्निनाचे पूर्ण विघटन करू शकणारे सजीव थोडे आहेत आणि त्यांत श्वेत कूज घडवून आणणारी गदाकवके प्रमुख आहेत. त्यांच्यामुळे लाकूड फिकट, तंतुमय व मऊ बनते. तपकिरी कूज घडविणारी कवके तूलीर खातात व लिग्निन बव्हंशी तसेच ठेवतात. त्यामुळे लाकडाला आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे घनाकृती तुकडे होतात. धानीकवकांपैकी अनेकांमुळे फक्त पृष्ठभागाजवळ मृदू कूज होते. दक्षिण अमेरिकेपासून सह्याद्रीपर्यंतच्या उष्ण कटिबंधीय वनांत पडलेल्या झाडाचे मातीत रूपांतर होण्याचे काम हीच कवके, वाळवी व इतर कीटक मिळून करतात.

परिसर : मुळशी तालुका पुण्याच्या पश्चिमेस असून पौड हे त्याचे मुख्य ठिकाण आहे. तालुक्याची पूर्व बाजू तुलनेने कोरडी व सपाट, तर पश्चिम बाजू डोंगराळ व अतिपावसाची आहे. पौड ते ताम्हिणी या थोड्या अंतरात पर्जन्यमान अनेक पटींनी वाढते. घाटमाथ्यावर ते वर्षाला ५,००० मिमी. च्याही वर जाते. हा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व त्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो. कवकांच्या दृष्टीने ही स्थिती विलक्षण आहे. चार महिने लाकूड सतत भिजलेले राहते. पुढचे आठ महिने ते वाळते, तापते व कित्येकदा वणव्यातही सापडते. जी जाती हा उन्हाळा कवकजालाच्या किंवा जाड भित्तीच्या बीजुकांच्या रूपाने सोसू शकते तीच येथे टिकते. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा, ऐन, भेरली माड इ. वृक्ष येथील निम-सदाहरित व पानझडी वनांत आहेत आणि उघड्या उतारांवर कारवी माजते.

या वनांचा मोठा भाग मूळ स्वरूपात उरलेला नाही. कोळशासाठी व शेतीसाठी झालेली तोड जुनी आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत् प्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. अखेर धरण पूर्ण होऊन खोऱ्यातील गावे व त्यांची शेते जलाशयाखाली गेली. त्या खोऱ्याच्या तळाशी असलेल्या झाडीत कोणती कवके होती, याची कोणतीही नोंद झालेली नाही. त्या काळी महाराष्ट्रात रानातील लाकडावरच्या कवकांचा पद्धतशीर अभ्यास सुरूही झाला नव्हता. पुढे तालुक्याच्या पूर्व भागात हिंजवडीची औद्योगिक वसाहत व डोंगरउतारांवर घरबांधणी वाढली. ताम्हिणी येथील सु. ५० चौ.किमी. क्षेत्र २०१३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले.

कवकांच्या दृष्टीने येथील देवरायांचे स्थान मोठ्या वनांपेक्षाही वेगळे आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या राया मूळ वनाचे अवशेष असल्याचे वनस्पतींच्या नोंदींवरून दाखवून दिले. अशा राईतून जिवंत झाड तर नाहीच, पण पुष्कळ ठिकाणी वाळलेली काटकीही देवाची म्हणून बाहेर नेत नाहीत. सरपणाची गरज भागविणाऱ्या इतर कोणत्याही वनात मोठे मृत ओंडके क्वचितच पडून राहतात. राईत मात्र एखादा जुना वृक्ष कोसळला की, तो जागीच कुजतो आणि एकाच ओंडक्यावर वर्षानुवर्षे एकामागून एक निरनिराळ्या जाती येतात : प्रथम सालीखालची धानीकवके, मग श्वेत कूज घडविणारी गदाकवके व सर्वांत शेवटी, लाकूड स्पंजासारखे झाल्यावर, नाजूक छत्र्यांची अळंबी. ही परंपरा जेथे सैल झाली तेथे राईतील झाडे उभी असूनही हे ओंडके नाहीसे होतात आणि त्यांवरील कवकांनाही जागा उरत नाही.

प्रारंभीचा इतिहास : भारतातील कवकांची नावे सुरुवातीला यूरोपात ठरत असत. संग्राहक वाळवलेले नमुने पाठवीत व तेथील तज्ञ ते पाहून वर्णन लिहीत. मुंबईच्या बाबतीत याचे चांगले उदाहरण म्हणजे सेंट झेव्हिअर महाविद्यालयातील जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लाटर यांनी जमविलेली कवके. त्यांचे वर्णन फेर्डिनांट टायसेन या त्यांच्याच पंथातील तज्ञाने १९११ साली ‘अनालेस मायकोलॉजिसी’ या नियतकालिकात केले. ई. जे. बटलर हे पुसा येथील संशोधन संस्थेत होते व त्यांनी जमविलेल्या कवकांवर सायडो यांच्या सहकार्याने याच नियतकालिकात लेखमाला लिहिली. बटलर व जी. आर. बिस्बी यांची भारतीय कवकांची सूची १९३१ साली प्रसिद्ध झाली.

पुण्यातील कवकविज्ञानाचा आरंभ शेतीतून झाला. कृषी महाविद्यालयात एस. एल. आजरेकर यांनी ज्वारी व इतर पिकांच्या रोगांचा अभ्यास केला व तेथेच कवकतज्ञांची एक पिढी तयार झाली. बी. एन. उप्पल, एम. के. पटेल व एम. एन. कामत यांनी मुंबई इलाख्यातील कवकांची यादी १९३५ साली प्रसिद्ध केली. या यादीचा व तिच्यानंतरच्या बऱ्याच कामाचा भर तांबेरा, काणी, भुरी व पानांवरील ठिपके यांवर होता. त्याचे कारण उघड आहे : ज्वारीवरील काणी शेतकऱ्याच्या घरात चालत येते, तर रानातील कुजलेल्या फांदीचे नुकसान कोणी मोजत नाही. शिवाय पानावरील कवकाचा आश्रय-वृक्ष पानावरून ओळखता येतो. पाने झडून गेलेल्या, साल निघालेल्या फांदीचा वृक्ष कोणता, हे जाणकारालाही अनेकदा सांगता येत नाही. म्हणूनच जुन्या नमुन्यांवर ‘अनोळखी झाडाच्या वाळलेल्या फांदीवर’ असा शेरा वारंवार आढळतो. आश्रयानुसार मांडलेल्या सूचीत अशा नोंदींना धड जागाच मिळत नव्हती.

वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना झाली. कामत यांनी तेथे कवकविज्ञानाच्या संशोधनाची घडी बसविली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पिकांबाहेरच्या कवकांकडे मोर्चा वळविला. कामत, पी. जी. पटवर्धन, व्ही. जी. राव व ए. व्ही. साठे यांनी संकलित केलेली महाराष्ट्रातील कवकांची सूची राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९७१ साली प्रसिद्ध केली. साठे व त्यांच्या सहकाऱ्यांचा अळंब्यांवरील प्रबंध १९८० साली निघाला. संस्थेतील कवकांचा शुष्क संग्रह आजरेकर यांच्या नावाने ओळखला जातो. आजरेकर यांच्या स्मरणार्थ आजरेकरेला ही कवक प्रजातीही १९६४ साली प्रस्थापित करण्यात आली. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या या संस्थेला १९९२ साली आघारकर संशोधन संस्था हे नाव मिळाले. पुणे विद्यापीठात जे. जी. वैद्य व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील छिद्रकवकांचा (पॉलिपोरांचा) अभ्यास केला.

वैद्य यांचे एक काम काष्ठकवकांकडे पाहण्याच्या स्थानिक दृष्टीवर प्रकाश टाकते. कोकण व घाटमाथ्यावर फणसाच्या जुन्या झाडाच्या खोडावर येणारे कठीण, तपकिरी कवक ‘फणसअळंबे’ किंवा ‘फणसांबा’ म्हणून औषधी समजतात. ते उगाळून मुखरोगांवर लावतात. बाजारात या एका नावाने विकल्या जाणाऱ्या कवकांत फेलिनस प्रजातीच्या एकाहून अधिक जाती असतात. लोकांनी नाव झाडावरून व गुणावरून दिले, शास्त्राने ते बीजुके व कवकतंतूंवरून दिले. दोन्ही पद्धती आपापल्या कामापुरत्या ठीक होत्या, परंतु औषधाची परीक्षा करावयाची तर पाकिटातले कवक नेमके कोणते, हे आधी ठरविणे भाग पडते.

वर्गीकरणातील बदल : स्वीडनचे एल्यास फ्रीस (१७९४–१८७८) यांनी मोठ्या कवकांचे वर्गीकरण बीजुके ज्या पृष्ठभागावर येतात त्याच्या आकारावरून केले : पडदे असलेली एकीकडे, छिद्रे असलेली दुसरीकडे, काट्यांची तिसरीकडे. ही योजना वापरण्यास सोपी असल्याने दीर्घकाळ टिकली, परंतु तीमुळे पॉलिपोरस या एका नावाखाली परस्परांशी संबंध नसलेल्या असंख्य जाती गोळा झाल्या. सिंगापूर येथे काम करणारे ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९३२ साली छिद्रकवकांचे शरीर एकाच प्रकारच्या तंतूंचे बनलेले नसते, असे दाखविले. बीजुके निर्माण करणारे जनक तंतू, शरीराला कठीणपणा देणारे जाड भित्तीचे तंतू व त्यांना बांधून ठेवणारे शाखायुक्त तंतू यांचे प्रमाण निरनिराळ्या प्रजातींत निश्चित असते. त्यानंतर अभ्यासकाला छिद्रे मोजून भागेना. कवकाचा छेद घेऊन तंतू सुटे करून पाहावे लागू लागले. भारतातील छिद्रकवकांवरील बी. के. बक्षी यांचा ग्रंथ (१९७१) या पद्धतीवर आधारलेला आहे.

सालीवरील सूक्ष्म कवकांची अडचण वेगळी होती. एकाच कवकाच्या दोन अवस्था असतात. लैंगिक अवस्थेत ते धानीत बीजुके तयार करते, तर अलैंगिक अवस्थेत तंतूंच्या टोकांवर विबीजुके. दोन्ही अवस्था एकाच वेळी एकाच फांदीवर दिसतीलच असे नाही. म्हणून अलैंगिक अवस्थेतील कवकांचा ‘अपूर्ण कवके’ असा वेगळा विभाग करून त्यांना वेगळी नावे देण्याची प्रथा पडली आणि नियमांनीही तिला मान्यता दिली. पी. ए. साकार्दो यांनी या विभागातील कवके विबीजुकांच्या रंगावरून व पडद्यांच्या संख्येवरून लावली. १९५३ साली एस. जे. ह्यूझ यांनी विबीजुक कसे दिसते यापेक्षा ते कसे जन्मते, याला महत्त्व दिले आणि मद्रासच्या सी. व्ही. सुब्रमण्यन यांनी ही दृष्टी भारतीय कवकांच्या अभ्यासात रुजविली. तरीही एका सजीवाला दोन नावे ही विसंगती राहिलीच. डीएनएच्या साहाय्याने अवस्थांची जोडी जुळविता येऊ लागल्यावर २०११ साली मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिविज्ञान परिषदेत ती प्रथा रद्द झाली व एका कवकाला एकच नाव हा नियम झाला.

याच परिषदेत आणखी दोन नियम झाले. १९३५ पासून नव्या जातीचे वर्णन किंवा निदान लॅटिनमध्ये देणे बंधनकारक होते. २०१२ पासून इंग्रजीही चालू लागली.  दुसरा नियम असा की, २०१३ पासून प्रत्येक नवे कवकनाम मान्यताप्राप्त नोंदणीसंस्थेत नोंदवून त्याचा क्रमांक प्रबंधात देणे आवश्यक झाले.

नव्या जातीची प्रस्थापना : ‘नवी जाती सापडली’ असे म्हटले जाते, तेव्हा प्रत्यक्षात एक लांबलचक काम पूर्ण झालेले असते. मुळशीसारख्या ठिकाणी ते पावसाळ्यात किंवा पाऊस ओसरताना सुरू होते. संग्राहक भिंगाने साल तपासतो, संशयास्पद तुकडा कापून कागदी पाकिटात घालतो व स्थळ, उंची, दिनांक आणि शक्य असल्यास वृक्षाचे नाव लिहितो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले लाकूड ठेवले तर एका दिवसात त्यावर सामान्य बुरशी चढते व मूळ कवक झाकले जाते, म्हणून कागद. प्रयोगशाळेत काही तुकडे वाळवतात, तर काही ओलसर पेटीत ठेवतात, म्हणजे जी कवके अपक्व आहेत त्यांना बीजुके येतात. पक्व बीजुक अगार माध्यमावर टाकून एकाच बीजुकापासून शुद्ध संवर्धन वाढविणे ही यातील कसोटीची पायरी होय. काष्ठवासी धानीकवकांपैकी पुष्कळशी फार सावकाश वाढतात. दोन-तीन आठवड्यांत नखाएवढी वसाहत झाली तरी ते यश मानले जाते. काही बीजुके मुळीच अंकुरत नाहीत व तेव्हा संशोधकाजवळ वाळलेल्या तुकड्यापलीकडे काही राहत नाही.

यानंतर मापन येते. एखाद-दुसऱ्या बीजुकाच्या मापावर विश्वास ठेवत नाहीत. पुष्कळ बीजुकांची लांबी-रुंदी मायक्रोमीटरमध्ये मोजून पल्ला देतात. संवर्धनातून डीएनए काढून ठराविक भागांचा क्रम वाचतात. रायबोसोमी डीएनएमधील आयटीएस हा भाग २०१२ साली कवकांचा सर्वसाधारण ओळखचिन्हक म्हणून सुचविण्यात आला, परंतु अनेक प्रजातींत तो एकटा जाती वेगळ्या करण्यास अपुरा पडतो व इतर जनुके तपासावी लागतात. सर्व प्रकाशित जातींशी तुलना करून फरक सिद्ध झाला, तरच नाव देतात. ज्या नमुन्यावर नाव आधारलेले असते त्यास प्ररूप म्हणतात. तो सार्वजनिक संग्रहात कायम ठेवावा लागतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे भारतात सापडलेल्या नव्या जातीची माहिती व पुराव्याचे नमुने नियुक्त संस्थेकडे देणे बंधनकारक आहे. पुण्यात वाळलेले नमुने आजरेकर संग्रहात, तर जिवंत संवर्धने आघारकर संशोधन संस्थेतच २००८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रहात ठेवली जातात.

मुळशी परिसराचे नाव या मार्गाने थेट कवकांच्या नामावलीत गेले. के. सी. राजेशकुमार व राहुल शर्मा यांनी ताम्हिणी घाटातील नमुन्यांवरून टॅम्हिनिस्पोरा ही नवी प्रजाती २०१३ साली प्रस्थापित केली. तिच्या प्ररूप जातीचे नाव टॅम्हिनिस्पोरा इंडिका असे आहे. प्रजातिनामात घाटाचे नाव व बीजुकवाचक ग्रीक शब्द यांचा संयोग आहे. डीएनए क्रमांच्या तुलनेने ही प्रजाती ट्युब्युफिएसी कुलात बसते. या कुलातील अनेक कवके ओल्या, कुजणाऱ्या लाकडावर वाढतात आणि त्यांतील बऱ्याच जातींची विबीजुके घड्याळाच्या कमानीसारखी वेटोळी असतात. वेटोळ्यात हवा अडकल्याने ती पाण्यावर तरंगत दूर जातात. केवळ विबीजुकांच्या रूपावरून जुन्या पद्धतीने वर्गीकरण केले असते, तर ही प्रजाती अपूर्ण कवकांच्या लांबलचक यादीत कोठेतरी ठेवली गेली असती व तिचे नातेवाईक कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहिला असता.

जुन्या नावांचा प्रश्न : नव्या जातींपेक्षा जुन्या जातींचे काम अधिक किचकट ठरले आहे. महाराष्ट्रातून १९५० ते १९९० या काळात वर्णिलेल्या अनेक सूक्ष्म कवकांचे प्ररूप म्हणजे पाकिटातील लाकडाचा एक चिमूटभर तुकडा आहे. त्याचे जिवंत संवर्धन नाही. डीएनए कालौघात तुटलेला असतो आणि तो मिळवावयाचा तर तुकड्याचा काही भाग नष्ट करावा लागतो. अशा नावाला आधुनिक वर्गीकरणात निश्चित जागा द्यावयाची तर त्याच स्थळी, शक्यतो त्याच वृक्षावर, कवक पुन्हा शोधून पूरक प्ररूप नेमावा लागतो. म्हणजेच ते स्थळ तसेच राहिलेले असले पाहिजे. एखाद्या राईच्या जागी रस्ता किंवा वसाहत झाली असेल, तर त्या राईतून एकदाच नोंदली गेलेली जाती अस्तित्वात आहे, नष्ट झाली की ती मुळात वेगळी जातीच नव्हती, हे ठरविण्याचा मार्ग बंद होतो.

मोठ्या छिद्रकवकांतही नावे बदलत आहेत. लाखेसारखी चकाकी असलेल्या भारतीय कवकांना याद्यांतून दीर्घकाळ गॅनोडर्मा ल्युसिडम म्हटले गेले. ही जाती इंग्लंडमधील नमुन्यावरून १७८१ साली वर्णिलेली असून ती मुख्यतः यूरोपीय असल्याचे डीएनए अभ्यासातून दिसून आले. चीनमध्ये औषधासाठी लावले जाणारे कवकही तिच्याहून वेगळे ठरले. त्यामुळे सह्याद्रीतील ‘ल्युसिडम’ अशी प्रत्येक जुनी नोंद पुन्हा तपासणे आवश्यक झाले आहे. फेलिनसचीही तीच स्थिती आहे : २००२ साली वाग्नर व फिशर यांनी या प्रजातीचे अनेक लहान प्रजातींत विभाजन मांडले व फणसांब्याच्या नावाखाली येणाऱ्या जाती आता वेगवेगळ्या प्रजातींत विभागल्या जातात.

जगात कवकांच्या किती जाती असाव्यात याचा डी. एल. हॉक्सवर्थ यांचा १९९१ चा अंदाज १५ लाख होता. हॉक्सवर्थ व रॉबर्ट ल्युकिंग यांनी २०१७ साली तो २२ ते ३८ लाख असा वाढविला. प्रत्यक्षात नाव मिळालेल्या जाती सु. दीड लाख आहेत. पहिला अंदाज करताना हॉक्सवर्थ यांनी एकेका वनस्पतिजातीमागे किती कवकजाती आढळतात, हे प्रमाण धरले होते आणि ते ज्या प्रदेशांच्या नोंदींवर आधारले होते त्यांत ब्रिटनसारखे चांगले अभ्यासलेले प्रदेश प्रमुख होते. वनस्पतिजातींची विपुलता असलेल्या घाटमाथ्याला हे प्रमाण लावले, तर ताम्हिणीच्या एका उतारावरील अंजनी, पिसा व जांभूळ यांच्या वाळलेल्या फांद्यांवर अद्याप कोणीही न पाहिलेल्या जाती असणार, असा निष्कर्ष निघतो. त्यांच्या शोधासाठी प्रवास लांबचा करावा लागत नाही. पुण्याहून निघून त्याच दिवशी परत येता येते. अडचण असते ती तज्ञांच्या संख्येची. सालीवरील काळ्या ठिपक्याकडे पाहून तो हिस्टेरियम आहे की आणखी काही, हे सांगणारा अभ्यासक तयार होण्यास अनेक पावसाळे जावे लागतात.